तपासणीची मुलं

शाळा कशासाठी असते असं आजगावकर सरांना कोणी विचारलं असतं, तर ते म्हणाले असते, तपासणीसाठी. कोणी विचारलं नाही म्हणून ते तसं म्हणालेही नाहीत. पण वाकोल्याच्या त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांची जी काही कीर्ती होती, ती तपासणीचीच. साहेब येणार म्हटलं की कुंपणाच्या विटांना चुना, फळ्यावर रंगीत खडूने सुविचार आणि वर्गात मुलांची फेरमांडणी. कच्ची मुलं झाडांना पाणी घालायला मैदानात जायची. शाळेत झाडं तीनच. पण त्या दिवशी पाणी घालणाऱ्यांना तोटा नसे. त्यांच्या जागी दुसऱ्या तुकडीतली पक्की मुलं येऊन बसायची. मुलांना यात काही वावगं वाटत नसे. लग्नाला शेजारच्यांच्या खुर्च्या आणतात, तसं ते होतं.

शिवाय हातांचा नियम होता. साहेबांनी प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. साहेबांना दिसायचे नुसते हात, आणि कोणाला उठवायचं ते बाईंना बरोबर दिसायचं. पहिलीत मुलं आधी हे शिकत आणि मग अक्षरं. काही जण अक्षरांपर्यंत पोचतच नसत, पण हात चुकत नसे.

इतका जम बसलेल्या शाळेत विद्यापीठ आलं.

खरं म्हणजे विद्यापीठ काही लांब नव्हतं. मध्ये एक नाला आणि एक रस्ता. पण इतक्या वर्षांत तो ओलांडून कोणी इकडे आलं नव्हतं, आणि इकडचं कोणी तिकडे जाईल असा संभव नव्हता. त्या वर्षी मात्र शिक्षण खातं आणि विद्यापीठ यांच्यात करार झाला. चौथीत येऊनही ज्यांना वाचता येत नाही अशा मुलांसाठी रोज एक तास वाचनवर्ग चालवायचा. पद्धत विद्यापीठाची, शिक्षिका शाळेची. वर्षाच्या सुरुवातीला एक चाचणी, शेवटी एक. मुलं पुढे गेलेली दिसली तर वॉर्डातल्या सगळ्या शाळांत असे वर्ग निघायचे, आणि याच मुलांना पाचवीतही तो तास मिळायचा. नाही दिसली, तर काहीच नाही.

विद्यापीठातर्फे उत्तरा लिमये आली. मुलुंडच्या सोसायटीत वाढलेली, वडील बँकेत, बोलणं स्वच्छ, चपला त्याहून स्वच्छ. तिची पीएच.डी. या वर्गावर उभी राहायची होती. माणूस मात्र प्रामाणिक. तिने सांगितलं की पहिल्या चाचणीचे पेपर सीलबंद राहतील आणि वर्षाच्या शेवटीच उघडतील. आधी गुण कळले की शिकवणाऱ्याचं मन कोणाकडे तरी कलतं, म्हणून.

"वा! उत्तम!" आजगावकर म्हणाले. त्यांनी सगळ्यातून एकच शब्द उचलला होता: चाचणी. म्हणजे तपासणी. म्हणजे आपलाच विषय.

वर्ग प्रेमा परब यांच्याकडे दिला होता. चौथी ब च्या वर्गशिक्षिका. सासर-माहेर दोन्ही मालवणकडचं, नवरा लालबागच्या गिरणीत होता, म्हणजे संपापर्यंत होता. संप संपला असं कोणी जाहीर केलं नव्हतं, त्यामुळे तो अजून संपावर होता असंही म्हणता आलं असतं. चाचणीच्या सकाळी प्रेमाबाई वर्गात आल्या तर त्यांची निम्मी मुलं मैदानात बादल्या घेऊन निघालेली, आणि त्यांच्या बाकांवर अ तुकडीतली मुलं मांडी ठोकून.

त्या तशाच ऑफिसात गेल्या. "सर, यांना वाचता येत नाही म्हणूनच तर वर्ग आहे ना?"

"परबबाई, पाहुण्यांसमोर फाटकी चादर कोणी अंथरतं का?"

"पण त्यांना फाटकीच बघायची आहे."

"असं सगळेच म्हणतात." सर हसले. "पाहून गेल्यावर लिहितात काय ते मी बघितलंय. आणि सगळी कुठे बदलली? निम्मीच. भाजीत मीठ घालावं तेवढं." मग चष्मा पुसत, दुसरंच काही आठवल्यासारखं म्हणाले, "चारकोपची हवा म्हणे चांगली आहे. ती नवीन शाळा झाली ना, तिथली."

झालं. प्रेमाबाई मागे वळल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची लांब चारकोपला बदली निघाली होती. घरात नवरा बसलेला, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि पोरगी बालवाडीत. तेव्हा आजगावकरांनी वॉर्ड ऑफिसात खेटे घालून ती बदली थांबवली होती. उपकार बोलून दाखवणाऱ्यातले ते नव्हते. बोलून दाखवलेला उपकार फिटतो, हे त्यांना माहीत होतं. ते फक्त अधूनमधून चारकोपच्या हवेची चौकशी करत.

बसवलेल्या मुलांना मैदानातल्या मुलांची नावं लिहायला सांगितली होती. अ तुकडीतली अनुपमा, सगळ्या शाळेत पहिली येणारी, तिने पेपरवर लिहिलं: शकु तुकाराम धुरी. खरी शकु तेव्हा कण्हेरीच्या बुडाशी बादली पालथी करत होती. उत्तरा चाचणीभर वर्गातच होती. पण तिच्या हातात वेळ मोजायचं घड्याळ होतं, आणि ज्याच्या हातात घड्याळ असतं तो तोंडं बघत नाही. शेवटी तिने गठ्ठा बांधला, आजगावकरांनी त्यावर शाळेचा शिक्का मारून सही ठोकली, आणि सगळ्यांनी चहा घेतला.

ही इथली पद्धतच होती. यात कोणाचं नुकसान व्हावं असं कोणाच्या मनात नव्हतं.

वाचनवर्ग जिन्याखालच्या खोलीत भरू लागला. तिथली मोडकी बाकं धोंडू शिपायाने तक्रार करत हलवली. "मोडक्या बाकांच्या जागी मोडकी पोरं," असं तो म्हणाला. हे त्याने पुढे वर्षभर रोज म्हटलं.

उत्तराची पद्धत तशी साधी होती. धडे नाहीत. मुलाने आपल्या बोलीत काहीतरी सांगायचं, बाईंनी ते जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर जसंच्या तसं मोठ्या अक्षरात लिहायचं, आणि मुलाने आपलंच बोलणं वाचायचं. आपण काय बोललो हे त्याला माहीतच असतं. त्यामुळे अक्षरं अंगावर येत नाहीत.

"जसंच्या तसं?" प्रेमाबाईंनी विचारलं. "आमची पोरं काय बोलतात ते ऐकलंय का तुम्ही, मॅडम?"

"म्हणूनच म्हणते, शुद्ध करू नका."

पहिले काही आठवडे शकु धुरी काहीच बोलली नाही. वेण्या घट्ट, ओठ त्याहून घट्ट. मग एक दिवस आपणहून बाईंच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "माजी लिवा." आणि सांगितलं: "बाबा निजणत नाय. नुसते पत्र्याक बघत रवतत."

प्रेमाबाईंच्या हातातलं जाड पेन तसंच राहिलं. त्यांच्याही घरी एक माणूस दिवसभर झोपत नव्हता, नुसता छताकडे बघत असायचा. त्यांनी पट्टी लिहिली. शकुने ती आधी बोटाने वाचली, मग बोट न लावता, मग डोळे मिटून. आणि डोळे मिटून वाचणं म्हणजे वाचणं नव्हे असं बाईंनी सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. त्यातला 'प' तिला दुसऱ्या दिवशी पानवाल्याच्या पाटीवर सापडला. 'ब' बसवर होता. दिवाळीनंतर ती वाकोल्याच्या नाक्यावर उभी राहून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची, आणि लाँड्रीवाला तिला हाकलायचा.

एकटी शकुच नव्हे. ज्यांना धोंडू मोडकी म्हणायचा ती बहुतेक सगळीच हळूहळू चालू लागली. कोणी अडखळत, कोणी धावत. उत्तरा दर शुक्रवारी यायची. आधी ती कोपऱ्यात बसून टिपणं काढायची, मग टिपणं राहिली आणि ती मुलांमध्ये बसू लागली. प्रेमाबाईंच्या डब्यातली सोलकढी तिने भांडं उलटं करून संपवली, तेव्हा मुलुंड आणि मालवण यांच्यातला खरा करार झाला.

प्रेमाबाई मात्र एक गोष्ट गिळून बसल्या होत्या. वाटायचं सांगून टाकावं. मग वाटायचं, मुलं एवढी पुढे जातील की त्या निम्म्या खोट्या पेपरांनी काय बिघडणार आहे? भाजीत मीठ, तेवढंच. एकदा त्यांनी तोंड उघडलंही होतं, पण उत्तरा तेव्हा शकुची नवी पट्टी हातात घेऊन नुसती बघत बसली होती. मग त्यांनी सोलकढीत कोकमाचं आगळ किती घालायचं ते सांगितलं.

मार्चमध्ये शेवटची चाचणी. आजगावकरांनी आदल्या दिवशीच विचारलं, "परबबाई, अ तुकडीला सांगून ठेवू ना?"

"नको, सर. माझी मुलं बसतील."

"सगळी?"

"सगळी. ती वाचतात आता."

सरांनी त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं. जन्मभर उधारीच्या खुर्च्यांवर पाहुणे बसवलेल्या माणसाला कोणी एकदम जमिनीवर पंगत मांडा म्हणावं, तसं त्यांना झालं. पण त्यांची निवृत्ती मे महिन्यात होती, आणि निवृत्तीला आलेला माणूस वाद घालत नाही.

मुलांनी पेपर लिहिले. शकुने तर वेळेआधी पुरा केला आणि उरलेला वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचण्यात घालवला.

दोन आठवड्यांनी उत्तरा आली ती शुक्रवार नसताना. जिन्याखालच्या खोलीत बाकावर बसली.

"काय झालं, मॅडम?"

"मुलं मागे गेलीयत."

"कुठली मुलं?"

"आपली. आधीची सरासरी जास्त आहे, आताची कमी. मी तीनदा तपासलं. शकु..." तिने हातातला कागद उलटा केला. "शकु सगळ्यात जास्त घसरलीय. वर्षभर आपण काय केलं, परबबाई?"

मग प्रेमाबाईंनी सांगितलं. बादल्या, बाकं, अनुपमा, शिक्का, चारकोप, सगळं. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे शकुला वाचता येत नव्हतं," उत्तरा हळूच म्हणाली.

"अक्षर येत नव्हतं."

"आणि आता येतं."

"तुम्ही ऐकलंय की."

"मी ऐकलंय." ती कोरडं हसली. "माझं ऐकणं कोण मोजणार? आधी काय येत नव्हतं ते आता मोजता येत नाही, परबबाई. ते गेलं. आमच्या सरांना मी सांगितलं की चाचणीत गडबड झाली, तर ते म्हणतील पुरावा. गठ्ठ्यावर शाळेचा शिक्का आहे आणि मुख्याध्यापकांची सही. त्यांनीच लिहून दिलं तर पहिली चाचणी रद्द होईल, पुढच्या वर्षी पुन्हा वर्ग घेता येईल. तुमच्या एकटीच्या सांगण्यावर नाही होणार."

"आणि तुमची पीएच.डी.?"

"त्याचं नका विचारू," ती म्हणाली. म्हणजे ते तिने स्वतःला आधीच विचारलं होतं.

प्रेमाबाई ऑफिसात गेल्या. आजगावकर निरोप समारंभाच्या वर्गणीचं बघत होते. आपल्याच निरोपाचं, कारण दुसऱ्या कोणावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लोटलं.

"लिहून देऊ म्हणजे? काय लिहू? मी फसवलं?"

"मुलं बदलली एवढंच."

"चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. शाळेत पंधरा तपासण्या झाल्या माझ्या काळात, त्या सगळ्या उकरतील." ते खुर्चीत बसले, आणि वर्षानुवर्षं अंगावर चढवलेलं शुद्ध मराठी त्यांच्यावरून गळून पडलं. "गो प्रेमा, तुझी बदली थांबवलंय तेव्हा मी तुझ्याकडे काय लिवन मागलंय? माज्या चेडवाचा लगीन ठरलाहा. ह्या वयात माका उघड्यार टाकू नको गो."

प्रेमाबाईंना त्यांचा राग यायला हवा होता, मुलीचं लग्न मध्ये आणल्याचाही. त्यांना दिसला तो पत्र्याकडे बघत पडलेला आणखी एक माणूस. एखाद्याला उघड्यावर टाकलं की तो कसा दिसतो ते त्यांना रोज घरी दिसत होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "नका लिहू. पण साहेबांना एकदा शाळेत बोलवा. त्यांना मुलांचं वाचन ऐकू दे. एवढं तरी."

"ऐकवायला काय!" सरांच्या जिवात जीव आला. "ऐकवणं आपल्या हातातलं आहे."

उत्तरानेही खात्यात जाऊन गळ घातली. अहवालात आकडे तसेच गेले होते. तिच्या मार्गदर्शकांनी तिला सांगितलं होतं की परिणाम दिसत नाही हाही एक निष्कर्षच असतो, त्यावरही पीएच.डी. मिळते. पण वर्ग चालू ठेवायचा की नाही ते खात्याच्या साहेबांच्या हातात होतं. त्यांनी स्वतः ऐकलं तर आकड्यांपलीकडे काही करता येईल, अशी दोघींची आशा होती.

साहेब एप्रिलच्या एका सकाळी आले. चांगला माणूस. कपाळावर घाम, आवाजात माया. एकेकाळी घाटकोपरच्या शाळेत स्वतः शिक्षक होते, असं त्यांनी जिना उतरतानाच बरोबरच्या आजगावकरांना सांगितलं.

विटांना या वेळी चुना नव्हता. प्रेमाबाईंनी सक्त सांगितलं होतं. मैदानात एकही बादली नव्हती. जिन्याखालच्या खोलीत फक्त त्यांची मुलं होती, आपापल्या कपड्यांत, आपापल्या नावांनी.

"कोण वाचून दाखवणार?" साहेबांनी विचारलं.

सगळे हात वर गेले. त्यातले बहुतेक उजवे होते. शकुचा तर इतका ताठ की ती बाकावरून उठायला आली होती. प्रेमाबाईंनी तिचं नाव घेतलं.

साहेबांनी पुस्तक घेतलं नाही. काखेतलं वर्तमानपत्र उघडून तिच्यापुढे धरलं. पाठ केलेलं असू नये म्हणून. शकुने एकदा बाईंकडे पाहिलं आणि वाचायला लागली. पाणीकपातीची बातमी होती. 'जलाशयातील' या शब्दाशी ती थबकली, मागे गेली, फोडला, जोडला, आणि पुढे निघाली. कोपऱ्यात उत्तरा डोळे पुसत होती. धोंडू दारात चहाचा ट्रे धरून उभा होता तो तसाच.

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी केली. त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या ओळखीचं हसू आलं.

"शाब्बास! छान वाचते." मग प्रेमाबाईंकडे जरा झुकून, मुलांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण मुलांना ऐकू गेलंच: "अ तुकडीतली ना?"

"नाही, साहेब. माझ्याच वर्गातली. शकु धुरी."

"असू द्या हो. सगळी आपलीच." ते मनापासून हसले. "परबबाई, मीही मास्तरकी केलीय. तपासणीला मीसुद्धा पोरं बदलली आहेत. हात कुठला, हेसुद्धा मला कळतं."

"साहेब, खरंच. हिला वर्षापूर्वी..."

"शकु धुरी ना? अहवालात तर तीच सगळ्यात मागे पडलेली. नाव लक्षात राहिलं म्हणून म्हटलं." ते उत्तराकडे वळले. "मॅडम, आकडे तुमचेच आहेत ना?"

उत्तराने तोंड उघडलं. तिने आजगावकरांकडे पाहिलं. प्रेमाबाईंनीही पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. आजगावकर सर जमिनीवर काहीतरी पडल्यासारखं खाली बघत होते, बराच वेळ, आणि ते काही सापडत नव्हतं.

"हो," उत्तरा म्हणाली. "माझेच आहेत."

"मग झालं तर. तुमची तळमळ कळते मला. पण पोरांवर खर्च करायचा तो जिथे उगवेल तिथे करायला हवा." साहेबांनी ट्रेवरचा कप उचलला आणि शकुच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू खूप शिक हो, बाळ. अनुपमा का काय ते नाव तुझं?"

अनुपमाचं नाव त्यांना माहीत असायचं कारण साधं होतं. गेल्या चारही तपासण्यांत तीच वाचून दाखवत आली होती, आणि साहेबांनी शेऱ्यांत ते नाव वाचलं होतं.

सगळे वर ऑफिसात गेले. शकु बाकाशी उभीच होती.

"बाई, माजा काय चुकला?"

"काही नाही गं. काही चुकलं नाही तुझं."

"मग ते असा कित्याक म्हणाले?"

प्रेमाबाई बरीच वर्षं शिकवत होत्या. चौथीतल्या मुलीला समजेल असं उत्तर त्यांनी मनात शोधलं, मग मोठ्या माणसाला समजेल असं शोधलं. "बस खाली," त्या म्हणाल्या.

वर्ग चालू न ठेवण्याचा हुकूम यथावकाश आला. धोंडूने मोडकी बाकं परत आणायला सुरुवात केली. या खेपेला तो काही म्हणाला नाही. उत्तरा एकदा येऊन पुठ्ठ्याच्या पट्ट्यांपैकी एक मागून घेऊन गेली. कुठली ते प्रेमाबाईंनी विचारलं नाही. आजगावकरांचा निरोप समारंभ झोकात झाला. प्रेमाबाईंनी हार घातला तेव्हा सर पुटपुटले, "चारकोपचं आता कोणी काढणार नाही." ते खरं होतं. त्या दोघांचा हिशेब पुरा झाला होता. तो शकुच्या खात्यावर टाकला, एवढंच.

शेवटच्या आठवड्यात बाकांनी निम्मी भरलेल्या त्या खोलीत एक तास उरला होता. बाहेरचं कोणी नव्हतं, दार लोटलेलं होतं. प्रेमाबाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली. साधीच, दिवाळीत कोणीही वाचली असती अशी.

"कोण वाचेल?"

हात वर गेले. शकुचाही गेला, सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्या इतकाच उंच.

डावा.